तेल प्यालेला पाट

मी पाट बोलतोय. जेवायला मांडतात तो नव्हे, न्हाणीतला. सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या बोळात गुरुबसप्पांचं घर आहे. पुढं भुसार मालाचं दुकान, मागं राहणं, आणि अगदी मागं न्हाणी. तिथला मी. मला घाई कसलीच नाही. जन्मभर माझ्यावर लोकच बसत आले, तेव्हा सावकाश बोलायची सवय लागली आहे. तुम्हीही जरा सावकाश ऐका.

आधी मी हातमागाची फळी होतो. एक विणकर माझ्यावर बसून चादरी विणायचा. पुढं यंत्रमाग आले, त्याचा माग मोडला आणि मी शंकरप्पा सुताराच्या दारात येऊन पडलो. शंकरप्पानं करवत घेतली आणि मला मधोमध कापलं. एका फळीचे दोन पाट झाले, मापाला माप सारखे. माझ्या भावाला त्यानं रंधा मारून गुळगुळीत केलं, चार कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकली. मला उलटसुलट करून बघितलं आणि पाट न्यायला आलेल्या गुरुबसप्पांना म्हणाला, "ह्याच्यात गाठ हाय. ह्याला न्हाणीत टाका."

त्या गाठीलाच मी माझा डोळा समजतो. तिच्यातून जेवढं दिसलं आणि बसल्याजागी कानावर आलं, तेवढंच सांगणार आहे.

भाऊ भिंतीला टेकून उभा असायचा. सणावाराला खाली उतरायचा, जावयाला, पाहुण्याला मान द्यायचा. मी चुलवणापाशी, धुरात आणि पाण्यात. सुरुवातीला वाईट वाटलं. मग कळलं की माणूस जेवायच्या पाटावर खोटं खोटं बसतो. पोट भरलं नसलं तरी "बास बास" म्हणतो. अंघोळीच्या पाटावर मात्र माणूस आहे तसा बसतो. गुरुबसप्पा डोक्यावर तांब्या ओतताना शिवाचं नाव घ्यायचे, आणि दोन तांब्यांच्या मधे ज्वारीचा भाव पुटपुटायचे. दोन्ही सारख्याच भक्तीनं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मोठा दुष्काळ सरला त्या साली, श्रावणात, घरात नातू झाला. गुरुबसप्पांचा मुलगा शिवपुत्र कचेरीत कारकून. त्याची बायको रत्नम्मा बाळंतपणाला अक्कलकोटाकडं माहेरी गेली होती, ती दिवाळीनंतर पोराला घेऊन आली. पोराचं नाव पणजोबांचं ठेवलं, ईरप्पा. लाडानं ईरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचा भोंगा झाला आणि निंगव्वा आली.

निंगव्वा तेल लावणारी. बोळातली निम्मी पोरं तिच्या नडग्यांवर पालथी-उताणी होऊन मोठी झालेली. शिवपुत्रसुद्धा. ती माझ्यावर बसायची, पाय लांब करायची, पोराला पायांवर घ्यायची, आणि करडईच्या कोमट तेलात हात बुडवायची. हात मोठे आणि भराभर चालणारे. छाती, पाठ, मांड्या, मग हा हात त्या पायाला, तो पाय ह्या हाताला. पोर किंचाळायला लागलं की म्हणायची, "सुम्नीर, सुम्नीर." म्हणजे गप, गप. पोर काही गप बसत नसे. मग तिला अजून जोर यायचा.

आता माणसांची एक रीत सांगतो. पोर जन्माला आलं की ते जसं आहे तसं कुणालाच चालत नाही. निंगव्वा तेल लावत असताना न्हाणीच्या दारात रोज चारपाच बाया उभ्या असत, आणि त्या ईरूच्या नाकाकडं बघत असत.

"नाक बसकं हाय गं. वढ की जरा निंगव्वा."

"डोस्कं मागनं चपटं हाय. वाटीनं दाब."

"कान बघ, आजोबाचं हायत. त्याला विलाज न्हाय."

ज्या बाया हे सांगत त्यांची स्वतःची नाकं, माझ्या गाठीतून पाहिली तर, फार सरळ नव्हती. त्यांच्याही आज्यांनी ती ओढलीच असतील.

रत्नम्मा त्या सगळ्यांच्या मागं उभी असायची. एकोणीस वर्षांची पोरगी. ह्या घरात पोर तिच्याकडं फक्त दूध पाजायला यायचं. पाजून झालं की तिची सासू सावित्रम्मा लगेच उचलायची. एकदा शिवपुत्रानं एक मासिक आणलं आणि न्हाणीच्या दाराबाहेर, तोंड भिंतीकडं करून, मोठ्यानं वाचलं, "नियमित मालीश केल्यानं बाळाला शांत झोप लागते. पोटातला वायू सरतो. अंग भरतं. आणि बाळाचा आईवडिलांशी जीव जडतो."

निंगव्वा हसली. "एवढं सांगायला कागद खर्च केला व्हय?"

सावित्रम्मा म्हणाली, "आईवडलांशी न्हवं, आज्जीशी आसंल. नीट वाच."

"आईवडलांशीच लिवलंय की अव्वा."

"मग छापणाऱ्याचं चुकलंय."

तेवढ्यात मागनं रत्नम्मा सासूला हळूच म्हणाली, "अत्ती, उद्या मी लावू का तेल? माहेरी आईनं शिकवलंय."

"तुजा हात कच्चा हाय," सावित्रम्मा म्हणाली. "आदी स्पर्धा हू दे. मग बघू."

ही स्पर्धा म्हणजे सगळ्या घराला चढलेला ताप होता. संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते, तिथं एका मंडळानं गुटगुटीत बाळाची स्पर्धा ठेवली होती. आदल्या साली समोरच्या रावसाहेब कापडवाल्याचा नातू पहिला आला होता. बक्षीस पितळी पेला. रावसाहेबांनी तो पेला दुकानाच्या गादीवर, गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवला होता. गुरुबसप्पांना स्वतःच्या दुकानात बसून तो पेला वर्षभर बघावा लागला. आता त्यांना नातू होता. आणि काटाही होता.

ते रोज ईरूला धान्याच्या काट्यावर घालायचे. तेल लावायच्या आधी एकदा, नंतर एकदा. जन्मभर धान्य तोललेला माणूस तो. ओली ज्वारी जड भरते हे त्यांना पाठ. पोराला तेल पाजलं, अंगात मुरलं, तर तेवढं वजन वाढलंच पाहिजे, असा त्यांचा हिशेब. पोर काही ज्वारी नाही हे त्यांना कुणी सांगितलं नाही. घरात सांगण्याची कुणाला हिंमत नव्हती, आणि मला तोंड नव्हतं.

स्पर्धेपायी मालीश दिवसातून तीनदा झाली. ईरू रडरड रडायचा. संध्याकाळपर्यंत अंग ताठ, मुठी आवळलेल्या. आईच्या छातीशी नेलं तरी तोंड फिरवायचा. दूध सुटायचं आणि रत्नम्माची चोळी भिजायची. सावित्रम्मा म्हणायची, "पोर आईला मानत न्हाय. संक्रांत झाली की डब्याचं दूध लावू. माज्याजवळच निजंल मग." त्या रात्रीचं मला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी अंघोळीला रत्नम्मा माझ्यावर बसली ती मोळी टाकल्यासारखी. पाण्याचा तांब्या हातात धरून किती वेळ तशीच. शेवटी एवढंच म्हणाली, "माजं पोर, आन् मलाच वळखंना."

मला वाटलं, तिला म्हणावं, दम धर गं पोरी. पण पाटानं कुणाला काय म्हणावं.

आणि मग तेलाचा बोभाटा झाला.

संक्रांतीला दहाबारा दिवस होते. गुरुबसप्पा आठवड्याचं तेल मोजून देत. त्या दिवशी ते थेट न्हाणीच्या दारात आले. हातात तेलाचं रिकामं माप.

"निंगव्वा, आटवड्याचं तेल चार दिसांत कसं सरतंय?"

"तीन टाईम लावतीया की अप्पा."

"लावतीस. पोरगं वाढलं न्हाय. मग तेल जातंय कुटं?"

निंगव्वाचे हात थांबले. ईरूसुद्धा गप झाला.

"म्हंजे?"

"म्हंजे काय. तुज्या घरीबी चूल हाय."

दारातल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. शिवपुत्र अंगणात उभा होता. ज्याला ह्याच बाईनं पायावर घेऊन वाढवलं, तो मासिकाची पानं उलटत राहिला.

निंगव्वानं पोराला सावित्रम्माच्या हातात दिलं. उठली. दोन्ही तळवे गुरुबसप्पांच्या नाकासमोर धरले. "हुंगा अप्पा. चाळीस वरसं ह्या हाताला तेलाचा वास हाय. चोरीचा कवा आला व्हता?" आणि पाय न पुसताच गेली. शहाबादी फरशीवर तिच्या तेलकट पावलांची रांग दारापर्यंत उमटली होती. पुढं ती रांग बोळात गेली.

तेल मी प्यायलो होतो. तिच्या हातातून निथळलं, पोराच्या टाचांवरून ओघळलं, ते सगळं माझ्यात मुरत होतं. हातमागाची जुनी कोरडी फळी मी. किती वर्षांची तहान. मला काय ठाऊक, माझ्या तहानेपायी एका म्हातारीचं नाव जाईल. चोर तिथंच होता, सगळ्यांच्या पायाखाली.

दुसऱ्या दिवशी सावित्रम्मा स्वतः तेल लावायला बसली. म्हणजे बसायला लागली. तिचे गुडघे अर्ध्यातच अडले. तिला उठवायला दोघी लागल्या, आणि उठल्यावर तिनं माझ्याकडंच रागानं बघितलं. "लई खाली हाय ह्यो पाट," म्हणाली. दुसरी बाई शोधायची तर बोळात सगळीकडं कळलं होतं. निंगव्वाला चोर म्हटलेल्या घरी कुणी यायला तयार नव्हतं.

तेव्हा रत्नम्मा बसली.

तिनं वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट केलं. पाय लांब केले. ईरूला पायांवर घेतलं आणि तो ताठला, आता ओढाताण होणार म्हणून. रत्नम्मानं काही केलं नाही. तेलाचा हात त्याच्या छातीवर ठेवून नुसती बसली. एवढा वेळ की सावित्रम्मा बाहेरून ओरडली, "काय पूजा मांडलीस काय?" रत्नम्मानं तोंडातल्या तोंडात माहेरचं कानडी गुणगुणणं सुरू केलं. मग छातीवरून खांद्यांकडं, पोटावरून गोल गोल, पायावरून टाचेपर्यंत, सगळं मुंगीच्या चालीनं. नाकाला हात लावला नाही. पोरगं रडता रडता थांबलं. मान वळवली. तिच्या तोंडाकडं बघितलं.

मी हलू शकत नाही. पण त्या वेळी मी श्वास धरून बसलो होतो, असं म्हणायला हरकत नाही.

पाचव्या दिवशी वाटीचा आवाज आला की ईरू हातपाय सैल सोडायला लागला. अंघोळ झाली की छातीला लागायचा, पोटभर प्यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. आणि मालीश पोराची चालली होती, पण सैल आईसुद्धा होत होती. तिचं बसणं बदललं. मोळीची माणूस झाली. डब्याच्या दुधाचं नाव सावित्रम्मानं परत काढलं नाही. डबा वर फळीवर तसाच राहिला.

गुरुबसप्पांनी पोराला काट्यावर घातलं. वजन वाढलेलं. तेल निम्मं लागलेलं. माझं पोट भरत आलं होतं, मी थोडंच घेत होतो. पण त्यांनी आपला अर्थ काढला. "बगा," ते सगळ्यांना सांगत सुटले, "चोर गेला आन् बरकत आली."

हे रत्नम्मानं ऐकलं. आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिला खरं कळलं.

अंघोळी झाल्यावर ती मला अंगणात उन्हाला उभं करायची. लुगड्याला रोज मागं तेल का लागतं, हे तिला काही दिवस कोडं होतंच. त्या दुपारी ऊन चांगलं तापलं आणि मला घाम फुटला. तेलाचा. माझ्या खालच्या कडेनं फरशीवर ओघळ आला. रत्नम्मानं बोट लावलं, वास घेतला. मला उचलून बघितलं. मग भिंतीशी उभ्या माझ्या भावाला उचलून बघितलं. मग मला परत.

ती समजली. आणि ती उभीच राहिली.

तिनं सांगितलं तर निंगव्वा परत येणार. निंगव्वा आली की पाटावर निंगव्वा, दारात बाया, आणि ती सगळ्यांच्या मागं. न सांगितलं तर कुणाला कळणार नव्हतं. तिनं मला उचलून न्हाणीत ठेवलं. थोड्या वेळानं परत बाहेर आणलं. परत आत. कडेवरच्या ईरूला म्हणाली, "तूच सांग आता. गप बसू व्हय रं?" ईरूनं तिच्या नाकाला हात घातला आणि ओढलं. ती हसली, मग डोळे पुसले.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी घर जत्रेला निघायच्या तयारीत होतं. चारच्या आत मैदानावर पोचायचं होतं. गुरुबसप्पांनी नवं पांढरं धोतर नेसलं आणि फेटा बांधायला अंगणात आले. दर सणाला तिथं भाऊ मांडलेला असे. त्या दिवशी रत्नम्मानं मला मांडलं, सकाळपासून उन्हात तापवलेला.

फेटा बांधायला त्यांना बराच वेळ लागतो. मी माझं काम केलं.

ते उठले. सावित्रम्मा किंचाळली, "अवो! मागं काय ह्ये!"

पांढऱ्या धोतरावर मागं चौकोनी तेलाचा डाग. माझा छाप उमटलेला, गाठीसकट.

"न्हाणीतला पाट हितं कुणी मांडला?" सावित्रम्मा गरजली.

रत्नम्मा दारात होती. सासऱ्याशी ती कधी थेट बोलायची नाही. पदर पुढं ओढून ती सासूला म्हणाली, "मी मांडला, अत्ती. मामांना सांगा, निंगव्वानं चोरलेलं तेल त्याच्यात हाय."

गुरुबसप्पा वाकले, मला बोट लावलं, हुंगलं. भुसार मालाच्या माणसाचं नाक चुकत नाही. पण नाकावर ते थांबणारे नव्हते.

"पाणी आसंल," म्हणाले.

शिवपुत्र पहिल्यांदाच बोलला. "सकाळधरनं उनात हाय, अप्पा. पाणी उडालं आसंल की."

मग आम्हाला दोघा भावांना दुकानात नेलं. एका पारड्यात तो, पितळी फुलांसकट. एका पारड्यात मी. एकाच फळीचे, एकाच मापाचे. माझं पारडं खाली गेलं. गुरुबसप्पांनी भावाच्या बाजूला शंभर ग्रॅमचं वजन टाकलं. मग अजून एक. मग अजून एक. मग म्हणाले, "पितळेची फुलं वजा कराय पायजेत," आणि फुलं उपटून वेगळी तोलायला बसले. फुलं काढल्यावर भाऊ अजूनच हलका झाला. त्यांनी परत तोललं. तिसऱ्यांदा तोललं. अंगणातून सावित्रम्मा हाका मारत होती, "अवो, उशीर झाला!" त्यांना ऐकूच येत नव्हतं.

काटा स्थिर झाला तेव्हा गिरणीचा भोंगा झाला. पाळी सुटल्याचा. स्पर्धा सुरू होऊन संपत आली असणार.

गुरुबसप्पा काट्याकडं बघत बसले होते. रावसाहेबांच्या दुकानातला पेला त्यांना समोरून दिसत होता. पण ते तिकडं बघत नव्हते.

मग त्यांनी मला काखेत मारलं, तिळगुळाची पुडी घेतली आणि निघाले. सणाच्या दिवशी, फेटा बांधलेला भुसार व्यापारी, मागं धोतरावर तेलाचा चौकोन, काखेत न्हाणीचा पाट. सबंध बोळ दारात येऊन बघत होता. रावसाहेबांनी विचारलं, "कुटं गुरुबसप्पा, स्पर्धेला पाट पाठवताय काय?" त्यांच्या दारावरून ते न थांबता पुढं गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

निंगव्वा दारात बसली होती. त्यांनी मला तिच्यापुढं ठेवलं.

"ह्यानं प्यालं," म्हणाले.

तिनं मला बघितलं, मग त्यांना. "बसा की."

ते माझ्यावरच बसले. आणखी डाग पडायला जागा नव्हती.

"अप्पा," ती म्हणाली, "माणसाला इचारायच्या आदी पाटाला इचारायचं व्हतं."

त्यांनी पुडी उघडली, तिळगूळ तिच्या हातावर ठेवला. निंगव्वानं बराच वेळ हात तसाच उघडा ठेवला. मग मिटला.

दुसऱ्या दिवशी भोंग्याला ती आली. रत्नम्मा माझ्यावर बसली होती, पायांवर ईरू. तिला बघून रत्नम्मा उठायला लागली. मला तिचं वजन उचलल्यासारखं झालेलं अजून आठवतंय. निंगव्वानं वाकून पोराच्या मांडीवर हात फिरवला. ते रडलं नाही.

"मऊ झालंय गं," ती म्हणाली. "कुणी लावलं?"

"मीच."

"नाक वढलं न्हाईस?"

"न्हाई."

निंगव्वानं रत्नम्माच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत खाली बसवलं. "बस तू. मी पाणी घालते. पर टाचेला जरा जोर लाव, लई मिळमिळीत चोळतीस."

दारातल्या बायांना तिनं हाकलून दिलं. म्हणाली, न्हाणी हाय, तमाशा न्हाय.

ह्याला सहा वर्षं झाली. ईरू शाळेत जातो. नाक बसकंच आहे, सर्दीत तेवढं वाहतं. गुरुबसप्पा अजून सांगतात की आमचं पोर त्या दिवशी पोचलं असतं तर पेला आपलाच होता. निंगव्वा दोन वर्षांपूर्वी वारली. न्हाणीत आता सिमेंट केलंय, तिथं लाल प्लास्टिकचं स्टूल आलंय. त्याच्यावर तेल ठरत नाही आणि माणूसही ठरत नाही, घसरतो. मला माळ्यावर टाकलं होतं. भाऊही तिथंच होता. त्याला वाळवीनं आतून पोखरून टाकलं, फुलं काढलेली भोकं तेवढी राहिली. माझ्याकडं वाळवी आली, हुंगलं आणि परत गेली. त्या तेलाचा उपयोग पोराला किती झाला हे वजनावर कधी कळलं नाही. मला झाला हे मात्र मी छातीठोक सांगतो.

माझं एवढंच मागणं आहे. घरात तान्हं पोर असेल तर पाट तेल लावणारीच्या बुडाखाली द्या, आजीच्या द्या, शेजारणीच्या द्या. पण पहिल्यांदा आईला विचारा. आणि बापालाही विचारायला हरकत नाही. तो भिंतीकडं तोंड करून मासिक वाचत उभा असला तरी.

कारण काल रत्नम्मानं मला माळ्यावरून खाली काढलं, पुसलं आणि न्हाणीत ठेवलं. घरात मुलगी झाली आहे, अडीच महिन्यांची. दार लावल्याचा आवाज आला. माझ्यावर कुणी बसलं. वजन अनोळखी. जड, आणि अवघडलेलं. पाय लांब करायचे की मांडी घालायची हे ठरेना. वाटी कलंडली. तेल माझ्यावर सांडलं, आणि सहा वर्षांनी मी परत प्यायलो.

"अवो," बाहेरून रत्नम्मा हळू आवाजात म्हणाली, "मामा दुकानात हायत, घाई करू नका. आदी हात ठेवा नुसता."

"ठेवलाय," शिवपुत्र म्हणाला.

"मग?"

"बगतीया माज्याकडं."